नारिंगी नाकाची रायफल

दार काकांनीच उघडलं. आम्ही नवराबायको दोन बॅगा आणि एक कुकर घेऊन उंबऱ्यात उभे, आणि त्यांच्या पाठीमागं जेवायच्या टेबलावर पांढरी चादर. चादरीवर दोन रायफली. अगदी शेजारी शेजारी, दोघींची तोंडं खिडकीकडं.

माझ्या हातातला कुकर सुटला. झाकण घरंगळत टेबलाखाली गेलं. काका गुडघ्यांवर बसले, झाकण बाहेर काढलं, उजेडाकडं धरून निरखलं आणि म्हणाले, "रिंग गेलीय याची. या आत. चपला तिकडं."

मी यांचा दंड घट्ट धरून ठेवला होता. तासगावच्या बाजूच्या एका वाडीतली, सातवीतून शाळा सोडलेली बाई मी. बंदूक पाहिली होती ती जत्रेच्या बंदोबस्ताला येणाऱ्या हवालदाराच्या खांद्यावर, तीही लांबून.

"खेळण्यातल्या आहेत गं पोरी," काका म्हणाले. "एअरसॉफ्ट म्हणतात. आत वाटाण्याएवढा प्लास्टिकचा छर्रा असतो. मांजरसुद्धा मरायचं नाही." मग एकदम हुरूप आल्यासारखे पुढं झाले. "बरं झालं आलीस. तुझी नजर कोरी आहे. नीट बघ आणि सांग, यातली कुठली जास्त जुळते?"

"कशाशी?"

"ते तुला काय करायचंय? कुठली?"

मी घाबरून जवळची दाखवली. काका खूश झाले. "साफ चूक! ही सालमियातल्या खेळण्यांच्या दुकानातली. उचल. उचल गं, चावत नाही. काय वाटतं? रिकामी परात! आता ही उचल."

दुसरी मला एका हातानं उचललीच नाही. लाकूड आणि लोखंड. नळी हाताला गार लागली.

असा आमचा कुवेतच्या मंगफमधला गृहप्रवेश.

मी कुवेतला येऊन महिना होतो न होतो तोच यांच्या कंपनीनं राहायची जागा काढून घेतली होती. यांना मीना अब्दुल्ला रिफायनरीच्या साइटवर तोंडओळखीनं ओळखणारे काका एवढंच म्हणाले, "माझ्याकडं एक खोली रिकामी आहे. घेऊन या तिला." ना कागद, ना सही. त्या घरातलं आमचं राहणं म्हणजे काकांचा शब्द. हे उपकार मी दिवसातून दहादा आठवायची, आणि आठवलं की लगेच नजर टेबलाकडं जायची. कारण काकांना काही झालं तर आम्ही रस्त्यावर, आणि काकांच्या जेवायच्या टेबलावर बंदुका.

काका नाशिकचे, इंजिनियर. काकू तिकडं शाळेत शिकवायच्या, त्या कुवेतला कधी आल्याच नाहीत. काकांचं काम वेल्डिंग तपासायचं. माणसांच्या हाडांचे काढतात तसे पाइपांच्या सांध्यांचे एक्स-रे काढायचे, शेजारी नमुन्याची चांगली फिल्म ठेवायची, आणि सांगायचं, पास की रिजेक्ट. आयुष्यभर हेच केलेलं, त्यामुळं नजरच तशी झालेली. कुठलीही एक वस्तू त्यांना दिसायचीच नाही. दोन असल्या की दिसायच्या. "शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही," हे वाक्य ते चहाला साखर लागते तितक्या वेळा वापरायचे.

कालची एक पोळी मुद्दाम राखून ठेवायचे आणि आजच्या गरम पोळीशेजारी ताटात मांडायचे. "कालची कडेला जाड होती. आजची पास." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रडू आलं होतं. पुढंपुढं मीच विचारायला लागले, "काका, आज काय निकाल?"

एकदा ऑफिसातून आले ते डोकं विचित्र दिसत होतं. डावी बाजू बारीक कापलेली, उजवी वेगळीच, मध्ये शेतातल्या बांधासारखी एक रेघ. शेजारच्या फहाहीलला दोन न्हावी समोरासमोर होते, एक पाकिस्तानी, एक मल्याळी. काकांनी अर्धं डोकं याच्याकडून आणि अर्धं त्याच्याकडून कापून घेतलं होतं, आणि तसंच घेऊन आठवडाभर रिफायनरीत फिरले.

"अहो काका, लोक काय म्हणतील!"

"लोकांचं सोड. मल्याळी जिंकला."

पण या वेडेपणात मायाही तशीच तपासून दिलेली असायची. मला लिफ्टची धडकी भरायची. दार बंद झालं की श्वास कोंडायचा. काकांना हे कळलं तेव्हा ते हसले नाहीत. रोज संध्याकाळी आल्यावर मला खाली घेऊन जायचे आणि चौथ्या मजल्यापर्यंत माझ्याबरोबर जिना चढायचे, त्या वयात, धापा टाकत. वाटेत बडबड चालू. "ही पायरी बघ, गवंड्यानं घाईत केलीय. ही पास. ही रिजेक्ट." महिन्याभरानं एक दिवस म्हणाले, "आता एकदा लिफ्टनं जाऊ. जिन्याशेजारी ठेवून बघ तरी." त्या दिवशी मी पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून लिफ्टमधून वर आले.

रायफलींचं मात्र मला कधी उमगलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी, म्हणजे तेव्हाच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, सालमियाहून चारदोन मराठी कुटुंबं यायची. जेवणं झाली की काका टेबल पुसून चादर अंथरायचे आणि दोघींना बाहेर काढायचे. जुन्या काळची, हातानं बोल्ट मागं ओढून गोळी भरायची रायफल, तिच्या या दोन नकला. मूळ घाट जर्मन, तुर्कांच्या हातून ती अरबांकडं आली, असं काका सांगायचे. सालमियाची प्लास्टिकची, तिच्या नळीच्या टोकाला नारिंगी रंगाचं बोंड. खेळणं आहे हे लांबून कळावं म्हणून कारखान्यातूनच तसं येतं. दुसरी एका फिलिपिनो सहकाऱ्यानं सुट्टीवरून येताना सुटे भाग करून आणलेली. काका एकीचा बोल्ट ओढायचे, मग दुसरीचा. खट्. खटाक्.

"आवाज ऐका. पहिली डबा वाजवल्यासारखी. दुसरीत दम आहे. लाकडाचा रंग थोडा लाल आहे, पण चालेल. पट्ट्याची कडी बरोबर जागी. हा बोल्टचा दांडा तेवढा खाली वाकलेला, तो सरळ हवा होता, कोपरासारखा बाहेर आलेला. असो. आता बोला, कुठली जुळते?"

"काका," एकदा एक इंजिनियर डोळा मारत म्हणाला, "मुली बघायला गेलात तेव्हाही अशी चादर नेली होती का?"

"तेव्हा दोघींना शेजारी बसवून दाखवत नव्हते," काका शांतपणे म्हणाले, "नाहीतर तुमच्या काकू सुटल्या असत्या माझ्या तावडीतून."

सगळे हसले. कशाशी जुळवायचंय हे मात्र कुणी विचारलं की काका चादर गुंडाळायला घ्यायचे.

मग एका दुपारी मी जे पाहिलं त्यानं माझं धाबं दणाणलं. यांची ड्यूटी होती. मी काकांना चहा द्यायला गेले, दार अर्धवट लोटलेलं. काका पलंगावर उताणे, डोळे मिटलेले, हात छातीवर. आणि गादीखालून रायफलीची नळी बाहेर आलेली. ते त्या रायफलीवर झोपले होते. पाठ इकडून तिकडं हलवत होते, जागा शोधल्यासारखी.

"चहा ठेव तिथं," डोळे न उघडता म्हणाले. "बोचायला हवी. इथं, कमरेच्या जरा वर. ही प्लास्टिकची बोचत नाही. ती लाकडी बोचते. बरोबर तिथंच बोचते."

चहा अर्धा बशीत सांडलेला तसाच ठेवून मी पळाले. संध्याकाळी यांना म्हटलं, "माणूस भ्रमिष्ट आहे. आपण दुसरी खोली बघू."

"कुठं?" हे म्हणाले. "कोण देणारेय आपल्याला?"

खरंच होतं ते. पण त्या दिवसापासून काकांच्या खोलीशी गेले की आधी दार वाजवायची आणि मोठ्यांदा खोकायची.

लाकडी रायफलीलाही टोकाला नारिंगी कडं होतं. ते काकांच्या डोळ्यांत खुपायचं. "खऱ्या रायफलीला कुणी शेंदूर फासतं का? हे असेपर्यंत तुलना होणारच नाही." एके दिवशी त्यांनी पक्कड घेऊन ते कडं ओढून काढलं, टोक काळ्या रंगानं रंगवलं आणि कडं कचऱ्यात टाकलं. मला कुठलीही धड वस्तू कचऱ्यात बघवत नाही. आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायची लोखंडी सळई होती, तिचं टोक सारखं दंडाला ओरखडे काढायचं. मी ते कडं धुऊन त्या टोकावर बसवलं. चपखल बसलं.

पुढं इराकशी पुन्हा युद्ध होणार अशी बोलणी सुरू झाली. खालच्या रस्त्यावरून अमेरिकन गाड्यांच्या रांगा उत्तरेकडं जाताना दिसायच्या. विषारी वायू सोडतील म्हणून खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावा, पाणी भरून ठेवा, असं सगळे एकमेकांना सांगायचे. मी प्रत्येक फट दोनदा बंद केली. काकांनी दोन कंपन्यांच्या चिकटपट्ट्या आणून एकेक खिडकी वाटून दिली. "बघू कुठली टिकते."

अशा दिवसांत, एका शुक्रवारी सकाळी, काका लाकडी रायफल घेऊन गॅलरीत गेले.

"काका, अहो बाहेर कशाला?"

"ट्यूबलाइटखाली लाकडाचा रंग कळत नाही. फिल्म असो नाहीतर लाकूड, उजेड लागतो."

मी कणीक मळायला घेतली. हे सुट्टी असूनही सकाळीच ड्यूटीवर गेलेले. गॅलरीतून बोल्टचा आवाज येत होता. खटाक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा खटाक्. नंतर कळलं, काका ती खांद्याला लावून, एक डोळा मिटून, रस्त्याच्या दिशेनं नेम धरून बघत होते. आणि खालून आमचा हारिस, म्हणजे बिल्डिंगचा राखणदार, वर बघत होता.

बेल वाजली ती सोडतच नव्हती. मी कणकेच्या हातानं दार उघडलं. पुढं एक तरुण पोलीस अधिकारी, मागं दोन शिपाई, त्यांच्यामागं हारिस. तो मिसरी, म्हणजे इजिप्तचा, एरवी मला रोज सलाम करणारा, आज माझ्याकडं बघेचना. शिपायांच्या बंदुका आत रोखलेल्या. खऱ्या बंदुकीचं तोंड मी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होते. त्याला कसलाच रंग नव्हता.

मी दोन्ही हात वर केले. कणीक मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली. अधिकारी काहीतरी विचारत होता आणि माझ्या डोक्यात एकच चाललेलं, हे संध्याकाळी घरी येतील तेव्हा मी कुठं असेन?

आणि तेवढ्यात काका गॅलरीतून आत आले. रायफल तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांवर घेऊन.

शिपाई ओरडले. हारिस भिंतीला चिकटला. "काका, खाली ठेवा!" मी मराठीत किंचाळले. "खाली ठेवा, मारतील ते!"

काका जागीच थिजले. मग हळूच दोन पावलं टेबलापाशी आले आणि त्यांनी रायफल चादरीवर ठेवली. नुसती ठेवली नाही. तिथल्या प्लास्टिकच्या शेजारी, ओळीत, टोकाला टोक लावून. एवढ्या भीतीतसुद्धा हात सवयीनं चालले, आणि ते बघून मला हसावं की रडावं कळेना.

शिपायांनी त्यांचे हात मागं बांधले. अधिकाऱ्यानं प्लास्टिकची उचलली, नारिंगी बोंडाला टिचकी मारली आणि ती बाजूला ठेवली. मग लाकडी उचलली. वजन लागताच त्याचा चेहरा बदलला. बोल्ट ओढला, आत पाहिलं, काळं टोक नखानं खरवडलं.

"टॉय," काका म्हणाले. "सेम सेम. टॉय."

"मग हिचं नारिंगी कुठाय?" इंग्रजीत विचारलं, पण एवढं मलाही कळलं.

"काढलं."

"का?"

काका चादरीकडं बघू लागले. अधिकाऱ्यानं तीनदा विचारलं. खेळणं खरं वाटावं म्हणून खटपट करणाऱ्या माणसानं कुणाला तरी भिववायचंच ठरवलेलं असणार, असाच तो विचार करत असणार. मीही केला असता. तो फोनवर भराभर बोलू लागला. त्यातला 'सफर' हा शब्द मला समजला. कुवेतमध्ये राहणाऱ्या प्रत्येक अडाण्याला तो समजतो. देशाबाहेर काढणं. एकट्या काकांना की घरातल्या सगळ्यांना, एवढंच समजत नव्हतं.

कुठून बळ आलं माहीत नाही. मी शिपायाच्या हाताखालून गॅलरीत धावले. तो ओरडत मागं आला. मी सळईवरचं नारिंगी कडं ओढून काढलं आणि कणकेच्या मुठीत धरून अधिकाऱ्यापुढं केलं. "ये इसका है साब. ये इसका नाक है. मैंने रखा था."

त्यानं कडं पुसलं आणि काळ्या टोकावर दाबलं. टक्कन बसलं. सगळ्यांचा श्वास सुटला. हारिससुद्धा "अल्हम्दुलिल्लाह" म्हणाला.

पण अधिकारी काकांकडंच बघत होता. खेळणं आहे हे पटलं होतं. का काढलं, हे राहिलंच होतं.

"काका, सांगा की हो," मी रडायलाच लागले. "आमच्यासाठी तरी सांगा. जाऊ कुठं आम्ही?"

काकांनी माझ्याकडं पाहिलं. मग खाली बघत, मोडक्या अरबीत एकच शब्द म्हणाले. "अमाना."

आपण अमानत म्हणतो ती. विश्वासानं सांभाळायला दिलेली ठेव. त्या पोरसवदा अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. त्यानं शिपायाला काकांचे हात सोडायला सांगितलं आणि खुर्ची ओढून दिली.

काका थोडं अरबीत, थोडं इंग्रजीत बोलत गेले, आणि मध्येच माझ्याकडं वळून मराठीत, जणू मलाही हिशेब द्यायचा होता. नव्वद साली ऑगस्टात इराकी सैन्य आलं तेव्हा ते याच बिल्डिंगमध्ये, याच फ्लॅटमध्ये होते. बिल्डिंगचे मालक हाजी, मागच्या बंगल्यात राहायचे. ते बायकापोरांना घेऊन वाळवंटातून सौदीला निघाले. जाताना गालिच्यात गुंडाळलेली एक रायफल काकांच्या हाती दिली. हाजींच्या आजोबांची. "ही अमाना," म्हणाले. हत्यार सापडलं तर जागेवर गोळी घालत होते त्या दिवसांत. काकांनी ती गादीखाली ठेवली आणि तिच्यावर झोपत राहिले. झोप कसली? कमरेच्या वर ती बोचत राहायची.

"मग समोरच्या इमारतीत झडती सुरू झाली," काका म्हणाले. "आज ना उद्या आपल्याकडं येणार. भर दुपारी, उन्हानं सैनिकसुद्धा सावलीला बसतात तेव्हा, चटईत गुंडाळून नेली आणि समुद्रात टाकली. मग बसनं जॉर्डनला आणि विमानानं मुंबईला. युद्ध संपल्यावर परत आलो तर हाजीही परतलेले. त्यांनी एकदाच विचारलं, अमाना? मी म्हटलं, सैनिकांनी नेली."

मग ते माझ्याकडं वळले.

"पोरी, या मजल्यावर कुणी आलंच नव्हतं गं. मागाहून कळलं मला. झडती खालूनच परत गेली. ती गादीखाली असती तर आज त्यांच्या भिंतीवर असती. तेव्हापासून शोधतोय. हुबेहूब तिच्यासारखी मिळाली की त्यांच्यापुढं ठेवायची आणि खरं सांगायचं, असं ठरवलं होतं. नुसता तोंडानं सांगायचा धीर नव्हता."

इतके दिवस गुरुवारची करमणूक म्हणून आम्ही जे बघत होतो ते हे होतं. त्यांच्या हसऱ्या 'कुठली जुळते?'च्या शेजारी रोज काय ठेवलेलं होतं ते मला आत्ता दिसलं.

अधिकाऱ्यानं हारिसला खाली पाठवलं. थोड्या वेळानं लिफ्ट उघडली आणि हाजी आले. मी त्यांना लांबून पाहिलं होतं, गाडीत बसताना. आता अगदीच वाळले होते, ड्रायव्हरच्या खांद्यावर भार टाकून चालत होते. हारिसनं त्यांना वाटेत काय सांगितलं होतं कोण जाणे. ते टेबलापाशी खुर्चीत बसले आणि दोन्ही रायफलींकडं बघत राहिले. काका उठून उभे राहिले.

"हाजी," काका म्हणाले, "सैनिकांनी नेली नव्हती. मी टाकली. समुद्रात. मीच."

हाजींना हिंदी येत होतं. लहानपणी वडिलांबरोबर मोत्यांच्या धंद्यापायी मुंबईत राहिलेले. ते काकांकडं न बघताच म्हणाले, "मालूम है."

काकांना वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. ते पुन्हा सांगायला लागले. हाजींनी हात वर केला.

"जिस दिन तुम बोला सोल्जर ले गया, उसी दिन मालूम पडा. सोल्जर को बंदूक मिलता, तो तुमको छोडता क्या? तुम तो मेरे सामने खडा था. जिंदा." थोडं थांबून म्हणाले, "मैं घर जाके अल्लाह का शुक्र किया. मेरा बंदूक के वास्ते एक आदमी नहीं मरा."

काकांचं तोंड उघडं ते उघडंच. अकराबारा वर्षं हा माणूस कमरेत ती बोच घेऊन जगत होता, आणि मागच्या बंगल्यात राहणाऱ्याला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं.

"फिर बोला क्यों नहीं?" काकांचा आवाज फुटला.

"तुम शरमिंदा होता," हाजी म्हणाले. "घर छोड के चला जाता."

मग त्यांनी लाकडी रायफलीला हात घातला. काकांची पास झालेली. लाकडावरून बोटं फिरवली, मान हलवली, उचलायला गेले. टेबलावरून वीतभर उचलली असेल नसेल, मनगटं थरथरली आणि ती धाडकन चादरीवर आदळली. पुन्हा प्रयत्न केला. काका मदतीला पुढं झाले, पण हाजींना कुणाचा हात नको होता. त्यांनी ती बाजूला सारली.

आणि सालमियाची उचलली. रिकामी परात. प्लास्टिकची, डब्यासारखी वाजणारी, दरवेळी रिजेक्ट झालेली. ती त्यांच्या वाळलेल्या खांद्यापर्यंत सहज गेली. त्यांनी एक डोळा मिटला, नारिंगी नाक खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीवर धरलं, आणि बोल्ट ओढला. खट्.

"ये," ते म्हणाले. चेहऱ्यावर दहा वर्षांच्या पोराचं हसू. "ये बराबर है."

लाकडी रायफल अधिकारी घेऊन गेला, कड्यासकट. पुन्हा असं करणार नाही असं काकांकडून लिहून घेतलं आणि जाताना त्यानं काकांच्या खांद्यावर हात ठेवला. हाजी प्लास्टिकची काठीसारखी टेकत लिफ्टपर्यंत गेले. पुढं कितीतरी दिवस बंगल्याच्या ओट्यावर त्यांच्या खुर्चीला ती टेकवलेली दिसायची, नारिंगी नाक वर करून. जाणाऱ्यायेणाऱ्या नातवंडांना ते काय सांगायचे ते अरबीत असायचं, मला कळायचं नाही.

आम्ही त्या फ्लॅटमध्ये पुढं बरीच वर्षं राहिलो. माझा मुलगा तिथंच चालायला शिकला. सळईच्या टोकाला मी चिंधी बांधली.

पण त्या शुक्रवारचं सांगायचं तर, सगळे गेल्यावर मी पुन्हा कणकेकडं वळले. सुकून कडक झाली होती, पाणी लावून मळली, जमल्या तशा पोळ्या केल्या. काका टेबलाशी बसले होते. चादर गुंडाळून ठेवलेली, टेबल एवढं मोकळं मी कधीच पाहिलं नव्हतं. मी ताट वाढलं आणि सवयीनं कालची पोळीही शेजारी ठेवली.

काकांनी ती उचलून माझ्या हातात परत दिली आणि गरम पोळीचा घास मोडला.

"कशी झालीय?" मी विचारलं.

"चांगली आहे," ते म्हणाले.

मी वाट बघत उभी राहिले. कशापेक्षा, ते काही पुढं आलंच नाही.